चिऱ्याचं गुदाम पुन्हा उघडताना

(दृश्य : नदीकाठचं बंद गुदाम, भिंतीत रुजलेला पिंपळ)

पणजीतली जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत 2004 साली इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी सजली. पण ती इस्पितळाची वास्तू. नदीकाठच्या गुदामाची दुखणी वेगळी असतात. तिथं वाचनालय करायचं, तर आधी पाणी थांबवायला हवं.

म्हणून सुरुवात छपरापासून. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, छप्पर झाकलं नाही, तर उन्हाळ्यातलं सगळं काम वाहून जातं. मंगळुरी कौलं चौरस मीटरला सुमारे 15 लागतात. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा आहे. वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथंच आधी कुजतात. टोकाला स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. कुजका भाग कापून नवा तुकडा सांधता येतो, अख्खा वासा फेकायची गरज नसते. कौलांच्या जागी ॲसबेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू नयेत. ओले करून, अख्खेच उतरवावेत.

(दृश्य : भिंतीचा जवळून भाग, पांढरी पूड)

हा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, ओल पितो आणि बाहेर सोडतो. कधीतरी कुणी वरून सिमेंटचा गिलावा थापलेला असतो. मग ओल अडते, मीठ आतच खडे धरतं आणि चिऱ्याची पूड होते. गिलावा बाहेरून मात्र ठणठणीत दिसतो!

तो छिन्नी-हातोडीनं हळूच काढायचा. ठेकेदार इथं ब्रेकर, म्हणजे फोडायचं यंत्र, मागतो. देऊ नये, गिलाव्याबरोबर चिराही निघून येतो. लोणा आधी कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, नाहीतर मीठ परत आत जातं. मग कागदाचा ओला लगदा थापून, वाळला की सोलून काढायचा. मीठ त्यात ओढलं जातं. एका फेरीत भागत नाही.

चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरायला मुरलेल्या चुन्याचा एक भाग, धुतलेल्या वाळूचे तीन. खारी वाळू चालणार नाही, नाहीतर लोणा आपणच विकत आणला. चुन्याचा गिलावा सुमारे 10 मिलिमीटरच्या थरांत द्यायचा आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं घट्ट होतो, त्यामुळे भर पावसात तो धरतच नाही. हे काम पाऊस सरल्यावरचंच. वरून रंगही चुन्याचाच. प्लास्टिक पेंट दिला की पुन्हा तीच ओल अडते.

पुस्तकांच्या कपाटांसाठी जमिनीवर चौरस मीटरला सुमारे 600 किलो भार धरतात. जुन्या लाकडी माळ्यावर तो टाकू नये. कपाटं खाली, वाचायच्या खुर्च्या वर.

राहिला चाकाच्या खुर्चीचा उतार. प्रमाण 1 ला 12, म्हणजे जोतं 60 सेंटिमीटर उंच असेल तर उताराला 7.2 मीटर जागा हवी. तो भिंतीला टेकवू नये, स्वतःच्या पायावर उभा करावा आणि मध्ये फट ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाईल. काठ भरतीच्या पाण्याचा असेल, तर एवढ्याशा उतारालाही सीआरझेडची, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगी लागू शकते. ते आराखडा काढतानाच विचारून घ्यावं.