पहिल्या रांगेतले आजोबा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या गोष्टी आणि राष्ट्राची ओळख’. भारदस्त आहे. तिथे पोचूच, पण आधी एक तक्रार आहे, ती ओकून टाकल्याशिवाय घसा मोकळा व्हायचा नाही.

सोलापुरात कुठल्याही पेठेत जा आणि १९३०च्या मे महिन्यातल्या इंग्रजांविरुद्धच्या मोर्चाचा विषय काढा. आजोबा मोर्चात होते. नुसते होते नव्हे, पहिल्या रांगेत होते. साखर पेठेतले आजोबा पहिल्या रांगेत, बाळीवेशीतले पहिल्या रांगेत आणि जे त्यानंतर दहा वर्षांनी तेलंगणातून मागावर काम करायला आले, तेही पहिल्या रांगेत! (हशा) त्या मोर्चाला दुसरी रांग नव्हतीच म्हणायची. हसताय खरे, पण मागच्या खुर्च्यांवर दोघे-तिघे गप्प बसलेत, ते मला दिसतायत.

यात कुणी थापा मारत नाही, ही खरी गंमत. गांधीजींची अटक, ८ मेला रूपाभवानी मंदिराकडची शिंदीची झाडं तोडणं, गोळीबार, त्यात गेलेले शंकर शिवदारे, १२ मेचा मार्शल लॉ, मग १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी. हे तुम्हाला तोंडपाठ आहे. दर जानेवारीत हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आपण ते ऐकतो. घरातल्या गोष्टीचं असं होतं, की ती दरवर्षी हे ऐकते आणि हळूहळू त्याच मापाचा सदरा शिवून घेते. आजोबा त्या दिवशी माडीवर दार लावून बसले असतील, आजीने शेजारच्या घरातून ज्वारी उसनी आणली असेल. ते भाषणात बसत नाही. म्हणून गळतं. आणि गळालेलंच सोनं होतं, हा माझा आजचा एकमेव मुद्दा.

ते गळण्याआधी कसं पकडायचं, यावर जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट वयाची. आज ८५ वर्षांची आजी १९४०च्या आसपासची. १९३० तिने पाहिलेलं नाही, ऐकलंय. म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर विचारा, “हे पाहिलंत की ऐकलंत? कुणाकडून?” नुसता हा एक प्रश्न विचारला, तरी निम्मे आजोबा पहिल्या रांगेतून मागे येतात.

साल विचारू नका. साल विचारलं की माणूस शाळेत जातो आणि पुस्तकातलं उत्तर देतो. “गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, आधी की नंतर?” असं विचारा. “गिरणीचा भोंगा चालू होता का?” “दुष्काळात सुकडी खाल्ली, तेव्हा थोरला किती वर्षांचा होता?” म्हणजे १९७२ सापडलं. “किल्लारीच्या भूकंपात भांडी पडली, ती याच घरात का?” म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. फाशीची तारीख तर संक्रांतीच्या तोंडावरची. कुणी सांगितलं, की बातमी आली तेव्हा घरात त्याच जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीची तयारी चालली होती, तर कान टवकारा. असली खूण पाठांतरातून येत नाही.

आता ध्वनिमुद्रण. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर आजी फाळणीवर येते आणि नेमका गॅसवाल्याचा फोन येतो. फोन टेबलावर उघडा ठेवू नका. खाली चादरीची चौपदरी घडी घाला, म्हणजे बांगड्यांचा आणि कपबशीचा ठोका आत जात नाही. आपल्या चादरीचा हा उपयोग जाहिरातीत कुणी सांगत नाही. तोंडापासून दीड वीत अंतर पुरे. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात ते जमायचं नाही, तेव्हा सकाळी सातला बसा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे समोरच्या भिंतीवर दुसरी चादर टांगा. शेजारी यंत्रमाग असतील, तर मागाच्या सुट्टीच्या दिवशी जा. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी मुळीच जाऊ नका. (हशा) खरंच सांगतो, पाणी आलं की इतिहास संपला, अख्खं घर बादल्यांमागे जातं.

फाईल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या स्वरूपात घ्या. साध्या मोनोमध्ये तासाला सुमारे ३०० एमबी जागा लागते, त्यामुळे आधी लग्नाचे व्हिडिओ काढून फोन मोकळा करा. एका बैठकीत ४५ मिनिटं, फार तर तास. सुरुवातीला तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि खोलीत कोण कोण आहे ते म्हणून घ्या. सून बसली असेल तर सासूची गोष्ट वेगळी येते, म्हणून शेवटचं महत्त्वाचं. आजी बोलता बोलता थांबली की दहा आकडे मनात मोजा. आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो आणि जे ओठांवर आलेलं असतं ते परत जातं. नानम्मा, म्हणजे तेलुगू घरातली आजी, तेलुगूत बोलत असेल तर तेलुगूतच बोलू द्या. नातवाने मध्येच मराठी केलं की मागाचे शब्द जातात. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला चार ते सहा तास धरा. प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर.

फोटोंना लॅमिनेशन करू नका. ते उलटवता येत नाही. पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे राष्ट्राला सात मिनिटं. चालेल.

तर मूळ मुद्दा. अर्नेस्ट रनाँ या फ्रेंच विचारवंताने ११ मार्च १८८२ला पॅरिसमध्ये व्याख्यान दिलं, ‘राष्ट्र म्हणजे काय?’ त्यात तो म्हणाला, की राष्ट्र घडायला आठवण लागते तसं विसरणंही लागतं. आपल्याकडे काय विसरलंय बघा. १९४७च्या आधी सोलापूर इंग्रजांचं. अक्कलकोट संस्थान. आणि तुळजापूर निजामाचं. सगळं पन्नास किलोमीटरच्या आत! सोलापूरची मुलगी तुळजापूरला दिली की एका घरात दोन स्वातंत्र्यदिन: माहेरचा १५ ऑगस्ट १९४७, सासरचा १७ सप्टेंबर १९४८. त्या सप्टेंबरच्या १३ तारखेला निजामाविरुद्ध भारतीय लष्कराची मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गावर गेली. ८५ वर्षांच्या आजीने ते पाहिलेलं असू शकतं, ऐकलेलं नव्हे. आणि आपण तिला १९३० विचारतोय!

अशी घरं आपापली गोष्ट घेऊन एका झेंड्याखाली आली. सगळ्यांनी एकच गोष्ट पाठ केली म्हणून नव्हे, सोयरिकी होत्या म्हणून आली. चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे डॉ. कोटणीसही इथलेच, त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ, त्यात भारतही आहे आणि चीनही. यावर बोलायचं होतं, ते राहिलं.

दोन मिनिटं उरलीत म्हणतात. मग प्रश्नच देतो. निजामाच्या मुलखात त्याचा हाली रुपया चालायचा, इकडे कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया. साधारण ७ हालीला ६ कलदार. सीमेपलीकडून आलेली आजी असेल तर स्वातंत्र्याबद्दल काही विचारू नका. विचारा, “तुमच्या लग्नातला हुंड्याचा हिशेब हालीत झाला की कलदारात? आणि फरकाचे पैसे कुणी सोसले?” मग चादरीवर फोन ठेवा आणि गप्प बसा.