देवाच्या अंगणात कोणाची जागा गेली?

बंधुभगिनींनो, प्रभू येशूने यरुशलेमेच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले, हा उतारा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथे लबाड व्यापारी होते, त्यांना हाकलून दिले, एवढ्यावर आपण समाधान मानतो. पण ते व्यापारी तिथे बसले कसे? वल्हांडणाच्या सणाला दूरदूरचे यात्रेकरू येत. यज्ञाला निर्दोष पशू हवा, तो एवढ्या लांबून हाकत कोण आणणार? मंदिराचा अर्धा शेकेल कर सोर शहराच्या चांदीच्या नाण्यात भरायचा, म्हणून नाणी बदलून देणाराही हवा. म्हणजे सगळे भाविकांच्या सोयीसाठीच होते. मला धास्ती वाटते ती याचीच. लोभ तिथे सेवा म्हणून शिरला.

आणि हा बाजार भरे बाहेरच्या अंगणात, जिथवरच परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, येता येई. आतल्या कठड्यावर ग्रीक भाषेत ताकीद कोरलेली होती: जो पुढे येईल त्याच्या मरणाला तोच जबाबदार. तसा एक दगड १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडला आहे. आता विचार करा, परक्या देशाचा कुणी देवाला शोधत आला, त्याला प्रार्थनेसाठी तेवढेच अंगण, आणि तिथे गुरे हंबरताहेत, नाण्यांचा खणखणाट चाललाय. त्याने गुडघे टेकायचे कुठे? मार्कच्या शुभवर्तमानात येशू यशया संदेष्ट्याचे प्रार्थनेच्या घराविषयीचे वचन ‘सर्व राष्ट्रांसाठी’ या शब्दांसकट उच्चारतो, ते उगाच नाही.

कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठकीही त्याने उलथल्या. कबुतर हे गरिबाचे अर्पण. ज्या बाईला कोकरू परवडत नाही तिने बाळंतपणानंतर पक्ष्यांची जोडी द्यावी, असे नियमशास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा १२ वा अध्याय सांगतो. मरीयेनेही तेच दिले होते, लूकने ते नोंदवून ठेवले आहे.

हे दुखणे जुने आहे. यरुशलेमेच्या मंदिराआधीचे उपासनास्थान शिलो, तिथे एली याजकाचे मुलगेही याजक होते. मांस शिजत असताना त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, भांड्यात खुपसे आणि वर येईल ते याजकासाठी नेई. पुढे पुढे तर चरबीचे हवन होण्याआधीच कच्चे मांस मागू लागले. भाविक काकुळतीने म्हणे, आधी देवाचे होऊ द्या, मग हवे तेवढे घ्या. उत्तर मिळे, आत्ताच दे, नाहीतर बळजबरीने नेऊ. हाव आणि देवाचा अनादर वेगळे काढायला तिथे जागाच नाही.

करिंथच्या मंडळीत कुणी व्यापारी बसला नव्हता, कुणी कर घेत नव्हता. तरी प्रभुभोजनाला एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून एकाच दमात दोन गोष्टी विचारल्या: देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता काय, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय?