घट बसतात तेव्हाची पेरणी

(मध्य न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसमोर सप्टेंबरच्या मध्यावर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मगाशी दारात एका काकूंनी विचारलं, "आता थंडी येणार, म्हणजे बाग आवरायची ना?" आज मी बोलणार आहे ते याच 'आवरायची' या शब्दाबद्दल.

येत्या काही दिवसांत आपल्या घरी घट बसतील. परडीत काळी माती घेऊन आपण त्यात गहू पेरू आणि दसऱ्यापर्यंत ते वीतभर वाढतील. आपल्याकडे हे दिवस रब्बीच्या तोंडावरचे. पावसाळा सरत आलेला असतो, जमिनीत ओल असते आणि ऊन उतरायला लागलेलं असतं. आता इथल्या लॉनकडे बघा. केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास ही सगळी गवतं गव्हाच्याच कुळातली आणि गव्हासारखीच थंडी मानवणारी. म्हणजे न्यू जर्सीचं लॉन हे रब्बीचं पीक आहे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं आपोआप सुचत जातं.

आपल्या मनातलं गवत म्हणजे हरळी, गणपतीच्या दूर्वा. ती उन्हात फोफावते आणि गारठ्यात झोपते. इथलं गवत नेमकं उलटं वागतं. जुलैत ते पिवळं पडतं, तेव्हा आपण घाबरून पाणी ओततो, खत टाकतो. सप्टेंबरात ते जागं होतं, तेव्हा आपण गवत कापायचं मशीन गॅरेजमध्ये ढकलून मोकळे होतो. मीही पहिली सहा वर्षं एप्रिलमध्ये बी टाकत होते. कोवळं गवत उगवायचं, त्याच्या मुळ्या खोल जायच्या आत उन्हाळा यायचा, आणि रिकाम्या जागांवर क्रॅबग्रास हे उन्हाळी तण पसरायचं. मग एका शेजारच्या आजोबांनी सांगितलं, बी सप्टेंबरात टाक. क्रॅबग्रास पहिल्या कडक हिवातच मरतं आणि नव्या गवताला स्पर्धा उरत नाही. शिवाय माती अजून कोमट असते, त्यामुळे उगवण लवकर होते. वर हवा गार आणि खाली माती उबदार, असे दिवस वर्षात फार थोडे मिळतात.

म्हणून पितृपक्षातच पेरणी उरकली तर उत्तम. नवरात्र ही जवळपास शेवटची संधी समजा. एडिसन-पिस्कॅटवेच्या बाजूची आपली लालसर माती चिकण आणि घट्ट असते. पेरण्याआधी एरिएटर भाड्यानं आणा. तो जमिनीतून बोटाएवढ्या मातीच्या नळ्या उपसून वर टाकतो. त्या तिथेच राहू द्या, पावसानं विरघळतात. त्या भोकांत बी पडतं, हवा-पाणी शिरतं. रायग्रास आठवड्याभरात दिसायला लागतं, फेस्क्यूला दोन आठवडे लागू शकतात, ब्लूग्रासला तीनही लागतात. तोवर वरचा थर रोज हलकासा ओला ठेवा. अनेक जण दहाव्या दिवशी हिरवं दिसलं की पाणी थांबवतात आणि ब्लूग्रासचं बी तिथेच वाळून जातं.

खताबद्दल मात्र कळकळीनं सांगते. या राज्यात 2011 पासून कायदा आहे. 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात घरमालकानं लॉनला खत घालायचं नाही. फॉस्फरस असलेलं खत माती तपासल्याशिवाय वापरायचं नाही, नवीन पेरणीचा अपवाद सोडून. कारण गोठलेल्या जमिनीवरचं खत मुळांपर्यंत जातच नाही. ते पावसाबरोबर ओढ्यात आणि तिथून खाडीत जातं. बार्नेगट खाडीत शेवाळ माजून पाणी बिघडलं, त्यातूनच हा कायदा आला. जे द्यायचं ते ऑक्टोबरात द्या. आणि आधी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. इथली माती बहुधा आंबट असते, तेव्हा खताआधी चुन्याची गरज निघण्याचीच शक्यता जास्त.

पाचोळ्याचं काय? तो गोळा करून पिशव्या भरण्यात शनिवार-रविवार घालवू नका. लॉनवर पातळ थर असेल तर त्यावरूनच मशीन फिरवा, बारीक चुरा मातीत मुरतो. जाड थर मात्र तसाच राहू देऊ नका, खाली गवत गुदमरतं. जास्तीचा पाचोळा झाडांच्या बुंध्याशी पसरा. फुलपाखरांचे कोश, काजव्यांच्या अळ्या त्यातच हिवाळा काढतात. एकाच जिवाला मात्र आसरा देऊ नका, तो म्हणजे स्पॉटेड लँटर्नफ्लाय, झाडांचा रस शोषणारा उपद्रवी किडा. झाडाच्या सालीवर, अंगणातल्या खुर्चीखाली वाळल्या चिखलासारखा राखाडी पट्टा दिसला तर ती त्याची अंडी. जुन्या कार्डानं खरवडून साबणाच्या पाण्यात टाका.

छाटणी शक्यतो नकोच. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आत्ताच फांदीवर तयार झालेल्या असतात. आता कात्री लावली की जूनमधली फुलं गेली.

आता कढीपत्ता. रात्रीचं तापमान 50 फॅरनहाइटच्या आसपास आलं की कुंडी आत घ्या. त्याआधी पानांच्या मागची खवले कीड ओल्या फडक्यानं पुसून काढा. आत आल्यावर पानं पिवळी पडतील, गळतील. इथेच माझं पंधरा वर्षांचं झाड गेलं. आईनं दिलेल्या बियांपासून वाढवलेलं होतं. पानं गळताना पाहून मला वाटलं तहानलंय, म्हणून मी रोज पाणी घालत गेले आणि मुळं कुजली. उजेड कमी झाला की झाड पाणी पीत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी. खराटा दिसला तरी धीर धरा, मार्चमध्ये कोंब येतात.

जाताना दाराशीच्या टोपलीतून लसणीचा एकेक गड्डा घेऊन जा. हे बेणं माझ्याच वाफ्यातलं आहे. दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यावर पाकळ्या सुट्या करा, सालं काढू नका. दोन इंच खोल, एकमेकींपासून सहा इंचांवर, टोक वर करून लावा आणि वर पाचोळ्याचं पांघरूण घाला. थंडी खाल्ल्याशिवाय या जातीचा गड्डा धरत नाही. जुलैच्या सुरुवातीला खालची पानं वाळली की उपटा.