रात्री दोनचं पाणी

[सामसूम गल्ली. विजेरीचा झोत.]

रात्रीचे दोन. एक माणूस लोखंडी सळई नळजोडाच्या चावीवर टेकवतो, दुसऱ्या टोकाला कान लावतो. बारीक सूंऽऽ येतंय. या वेळी कुणी आंघोळ करत नाही, धुणं भिजवत नाही. मग पाणी चाललंय कुठं?

गळती पकडायची ती याच वेळी. वस्तीच्या तोंडाशी मीटर बसवायचा आणि दोन ते चारचा प्रवाह बघायचा. माणसं झोपलेली आणि मीटर पळतोय, म्हणजे जमीन पाणी पितेय.

फक्त त्यासाठी पाइपात रात्रीही पाणी हवं. आपल्याकडे घोडं इथंच पेंड खातं. दिवसाआड तास-दोन तास पाणी. ते बंद झालं की गळतीही गप्प. वर रिकाम्या पाइपात त्याच भोकातून गटाराचं पाणी शिरतं. पहिला तांब्या गढूळ येतो, तो उगाच नाही.

[मलकापूर, जिल्हा सातारा.]

कराडला खेटलेल्या मलकापुरानं २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी घेतलं. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण घरोघरी मीटर आले, वापर वाढेल तसा चढता दर आला. आणि नळ कधीही सोडता येतो म्हटल्यावर कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं कारणच उरत नाही. हिशेबात न धरलेली ही गळती आपल्या प्रत्येक घरात आहे.

मात्र चोवीस तास पाणी म्हणजे भोकही चोवीस तास चालू. तीन मिलिमीटरचं भोक, वीस मीटरचा दाब (वीस मीटर उंच उभ्या पाण्याचा असतो तेवढा): दिवसाला सात हजार लिटर. माणशी १३५ लिटरनं पन्नास जणांचं पाणी! म्हणून दाब आवरायचा. तो निम्मा केला, तर लोखंडी पाइपाच्या गोल भोकातली गळती तीसेक टक्के उतरते. प्लॅस्टिकच्या पाइपाला उभी चीर असेल तर साठाच्याही वर, कारण दाब उतरला की चीरही मिटते.

कुठं किती व्यासाचा पाइप टाकला तर स्वस्तात भागेल, हे आयआयटी मुंबईचं 'जलतंत्र' नावाचं सॉफ्टवेअर काढून देतं. पण कुठला व्हॉल्व्ह कुठल्या डांबराखाली गाडला गेलाय, तो नकाशा अजून व्हॉल्व्हमनच्या डोक्यात. तो निवृत्त झाला की नकाशाही गेला.

[सकाळ. कुदळीचा आवाज.]

सळईनं दाखवलेल्या जागी खणतायत. हातभर खाली चिखल, मग फेरूल, म्हणजे मोठ्या लाइनीतून घरचा नळ जोडतात तो तुकडा. मोठी लाइन ठणठणीत. फेरूलच्या सांध्यातला वायसर तेवढा झिजलेला.