दोनदा झटकलेला ब्रश

[दृश्य: कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, लोखंड ओतायची फौंड्री, सकाळचे आठ. काळ्या वाळूचा ढीग, साच्याच्या लोखंडी पेट्यांची रांग. कॅमेरा एका हातावर स्थिर.]

हा ब्रश नीट बघा.

पॅटर्न म्हणजे नगाचा नमुना; त्याच्याभोवती वाळू ठोकून साचा करतात. तो वाळूतून उचलायच्या आधी त्याच्या कडेची वाळू किंचित ओली करतात, म्हणजे उचलताना कड ढासळत नाही. मेस्त्रींनी ब्रश पाण्याच्या डब्यात बुडवला, बाहेर काढला, मनगटानं दोनदा झटकला आणि कडेवरून फिरवला. सगळं मिळून चार सेकंद. आता त्यांना विचारा, काय केलंत? ते म्हणतील, "कड ओली केली." झटकण्याचं नाव निघणार नाही. लपवायचं म्हणून नाही; आपण झटकतो हे त्यांच्या ध्यानातच नाही.

शेजारचा शिकाऊ पोरगा तेच करतो, फक्त झटकत नाही. कडेवर आठ-दहा थेंब जास्त पडतात. त्यावर साडेतेराशे अंशांचं लोखंड आलं की पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. थोडी वाळूतून निसटते, उरलेली लोखंडात घुसते. कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या नगाच्या, कडेला वाटाण्याएवढी पोकळी राहते. ब्लोहोल. पोरगा म्हणतो, "मेस्त्रींनी सांगितलं तसंच केलं." आणि ते खरं असतं.

[दृश्य: शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्या, लेथचा आवाज, टेम्पोत भरलेली कास्टिंग्ज.]

उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनू लागली तेव्हापासून कोल्हापूरच्या हाताला ओतकामाची सवय आहे. पुढे शिरोली झाली, गोकुळ शिरगाव झालं, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत झाली. आज इथून ट्रॅक्टर, मोटारी, पंप यांचे सुटे भाग देशभर आणि देशाबाहेर जातात. वाळूचे साचे करणारा चांगला मोल्डर इथं शोधावा लागत नाही. मोल्डिंग चांगलं शिकवणारा मात्र शोधावा लागतो.

गंगावेश, मोतीबाग या तालमींच्या गावाला हे नव्यानं सांगायला नको. मैदान मारणारा पैलवान आणि पैलवान घडवणारा वस्ताद एकाच अंगात सापडले तर आनंद आहे, पण ते गृहीत कुणी धरत नाही. फौंड्रीत मात्र सर्रास धरलं जातं. वीस वर्षं पेट्या मारलेल्या माणसाच्या हाताखाली दोन पोरं देतात आणि म्हणतात, "बघून शिका."

बघून काय दिसतं, ते आधी पाहू.

[दृश्य: वाळूची मूठ. मूठ उघडते. ढेकूळ मधोमध मोडलं जातं.]

वाळू तयार आहे का, हे मेस्त्री मुठीनं ठरवतात. मूठ आवळायची, उघडायची. बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत. ढेकूळ मधोमध मोडलं तर तुटलेल्या कडा धारदार राहिल्या पाहिजेत, भुगा व्हायला नको. तळव्याला वाळू चिकटायला नको. दोन सेकंदांचं काम.

या दोन सेकंदांत ते चार गोष्टी तपासतात. पाणी किती, बेंटोनाइट या चिकणमातीचा चिकटपणा लागलाय का, वाळू जुनी होऊन धुळकट झालीय का, आणि वाळू गरम तर नाही. चौथी गोष्ट पोरांना कधीच दिसत नाही. नॉकआउटची, म्हणजे साचा फोडून नग काढल्यावरची, वाळू लगेच परत वापरात आली आणि पन्नास अंशांच्या वर असली तर मुठीला ती बरी लागते, पण पेटीपर्यंत जाईतो वरून सुकते. शिवाय तिची वाफ थंड पॅटर्नवर जमते आणि वाळू पॅटर्नला चिकटून बसते. मेस्त्री हात लावतात आणि पुढच्या ढिगाकडे वळतात. पोरगं समजतं, त्यांना तिथली जागा सोयीची वाटली.

[दृश्य: प्रशिक्षण वर्कशॉप. तीन बादल्या, तराजू, सुकवायची छोटी भट्टी.]

आता शिकवणारा माणूस काय करतो बघा. तीन बादल्यांत पाच-पाच किलो वाळू. एकीत अडीच टक्के पाणी, दुसरीत चार, तिसरीत सहा. पाच किलोला एक टक्का म्हणजे ५० मिलिलीटर, हिशोब सोपा. पाणी घातल्यावर वाळू चांगली मळून, ओलं पोतं टाकून थोडा वेळ ठेवायची. नाहीतर पाणी दाण्यांवर नुसतं बसतं, चिकणमातीत मुरत नाही. मग पोरानं डोळे मिटायचे, मूठ आवळायची आणि आकडा सांगायचा. लगेच ५० ग्रॅम वाळू वजन करून ११० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवायची. दोन ग्रॅम घटली तर पाणी चार टक्के. पोरगं म्हणालं होतं, "अडीच." चुकलं. परत मूठ.

तीस-चाळीस वेळा असं झालं की मुठीला आकडा लागतो. मेस्त्रींच्या मुठीलाही लागलाय, पण त्याला काही वर्षं आणि बरीच रद्द कास्टिंग्ज लागली.

फरकाचं मूळ इथं आहे. कारखान्यात चूक आणि तिचा निकाल यांच्यात फार दिवस जातात. सकाळी पेटी भरली, दुपारी लोखंड ओतलं, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी नॉकआउट. मग शॉटब्लास्टची सफाई, फेटलिंगची घासाई, रंग, गाडी. ब्लोहोल दिसतं ते मशीन शॉपमध्ये दुसऱ्या कटला, आठ-दहा दिवसांनी. तोवर त्या पोरानं कित्येक पेट्या मारलेल्या असतात. त्या पेटीत आपण नेमकं काय वेगळं केलं, हे त्यानं कुठून आठवायचं? रिजेक्शनचा कागद येतो, बोलणी बसतात, पोरगं घाबरतं. शिकत काहीच नाही.

[दृश्य: ठोकलेली पेटी. साच्याचा कडकपणा मोजणारा गोल डायलचा हार्डनेस टेस्टर वाळूवर टेकतो.]

म्हणून शिकवताना बऱ्याच पेट्यांत लोखंड ओततच नाहीत. पॅटर्नभोवती बारीक चाळलेली वाळू हातानं इंचभर दाबायची. वर चार-चार इंचांचे थर. आधी रॅमरची, म्हणजे ठोकण्याच्या दांड्याची, चिंचोळी बाजू पेटीच्या कडेनं, मग चपटी बाजू मध्ये. पॅटर्नच्या इंचभर जवळ ठोका पडता कामा नये. पेटी उलटली की नऊ ठिकाणी टेस्टर लावून आकडे पाटीवर लिहायचे. हातानं ठोकलेल्या साच्याला ७५ ते ८५ आले की ठीक. नवशिक्याचे आकडे ठरलेले असतात: मध्ये ९०, कोपऱ्यात ५५. कोपरा मऊ राहिला तर लोखंडाच्या दाबानं साचा फुगतो आणि वाळू झडून आत जाते. मध्ये दगड झाला तर वायूला वाट नाही. लोखंडाचा थेंब न वापरता पाच मिनिटांत निकाल. पेटी मोडायची, तीच वाळू, परत ठोकायचं. कारखान्याला हे परवडत नाही आणि त्यात कारखान्याचा दोषही नाही. त्याला माल द्यायचाय.

[दृश्य: फळ्यावर खडूनं आयत. शेजारी वरची पेटी.]

दुसरं उदाहरण वजनाचं. ओतताना वरची पेटी उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर वजनं ठेवतात. मेस्त्री पेटीकडे बघतात आणि म्हणतात, "दोन ठेव." बरोबर असतं. पण उद्या पॅटर्न बदलला की पोरगं दोनच ठेवणार.

शिकवणारा फळ्यावर मांडतो. नग सगळा खालच्या पेटीत, त्याचा वरचा सपाट पृष्ठभाग ३० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. वरच्या पेटीची उंची १५ सेंटिमीटर. पातळ लोखंड घन सेंटिमीटरला साधारण ७ ग्रॅम. गुणाकार केला की वर ढकलणारा जोर येतो १२६ किलो. वाळूसकट वरची पेटी समजा ८० किलोची. ४६ किलो कमी पडतात. ओतण्याचा धक्का धरून दुप्पट ठेवा, ९० ते १०० किलो. आत कोअर, म्हणजे पोकळीसाठी ठेवलेला वाळूचा गाभा, असेल तर तोही लोखंडावर तरंगू पाहतो, त्याचं वेगळं धरा. हिशोब चुकला तर पेटी बोटभर उचलते आणि लोखंड सांध्यातून बाहेर येतं. खाली जमीन ओली असेल तर ते नुसतं सांडत नाही, उडतं.

मेस्त्रींना हा गुणाकार येत नसेल, तरी त्यांचं काहीही अडत नाही. शिकवणाऱ्याचं अडतं.

मग मेस्त्रींकडचं बाहेर काढायचं कसं? विचारून निघत नाही. एक रीत चांगली लागू पडते. मेस्त्रींनी हात मागे बांधून फक्त तोंडानं सांगायचं, आणि ज्याला काम येत नाही त्यानं सांगितलं तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. जिथं मेस्त्री "अरे, तसं नव्हे" म्हणून पुढे झेपावतात, तिथं न सांगितलेली पायरी असते. ती लिहून घ्यायची. मोबाइलवर हाताचं चित्रण करून हळू वेगानं बघितलं तर आणखी दोन-चार सापडतात. ब्रशचं झटकणं असंच सापडतं.

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक म्हणतात आणि त्याच्यासाठी शिकवण्याचं वेगळं, वर्षभराचं प्रशिक्षण आहे. कारखान्यात शिकाऊ उमेदवार घेण्याचा कायदा १९६१ पासून आहे. पण शॉपवर त्या उमेदवाराला ज्याच्या हाती सोपवतात, त्याला शिकवायचं कसं हे बहुधा कुणी दाखवलेलं नसतं. उलटी खोटही असते. बरीच वर्षं भट्टीजवळ न गेलेला शिक्षक कोकवरच्या जुन्या क्युपोला भट्टीचंच चित्र काढत बसतो आणि पोरं कामाला लागतात ती विजेच्या इंडक्शन फर्नेसवर. लोखंडाचा गुण सुधारायला फेरोसिलिकॉन टाकल्यावर लेडल, म्हणजे ओतायचं भांडं, आठ-दहा मिनिटांत रिकामी झाली पाहिजे, नाहीतर गुण उतरतो, हे त्यानं वाचलेलं असतं. क्रेन अडकलेली असताना ती मिनिटं कशी पळतात, हे शॉपवर उभं राहूनच कळतं. वर्षातून काही आठवडे त्यानं तिथं जायलाच हवं.

[दृश्य: आठ पेट्या ओळीत. प्रत्येकीच्या वाळूत आकडा उमटवलेला. लेडल येते.]

आता या आठ पेट्या. पॅटर्न एक, हीट एक, म्हणजे लोखंड भट्टीच्या एकाच घाण्यातलं. पहिली व्यवस्थित. दुसरीची वाळू ओली. तिसरी गच्च ठोकलेली. चौथी सैल ठोकलेली. पाचवीला व्हेंट, म्हणजे वायू निघायची भोकं, नाहीत. सहावी ओतताना मध्येच थांबून परत ओतलेली. सातवी सगळ्यात शेवटी, लोखंड थंडावल्यावर. प्रत्येकीत एकच चूक, मुद्दाम केलेली. दोन चुका एकत्र आल्या की कारण सापडत नाही. आठवीत काय आहे, ते मुलांना सांगितलेलं नाही.

[दृश्य: दुसरा दिवस. करवतीनं कापलेली कास्टिंग्ज टेबलावर.]

दुसरीत बारीक छिद्रांची जाळी. चौथी फुगून जाड झालीय, कॅलिपर लावला तर तीन मिलिमीटर जास्त. सहावीवर दोन लोखंडं भेटली पण जुळली नाहीत, त्याची रेघ: कोल्ड शट. सातवीचा पातळ कोपरा भरलेलाच नाही.

आठवी मात्र चांगली दिसते. सगळीकडे भरीव. फक्त एका कडेला, कातडीखाली, वाटाण्याएवढं भोक. मुलं वाळूची नोंद बघतात, पाणी चार टक्के. टेस्टरचे आकडे बघतात, ८० च्या आसपास. व्हेंट मोजतात, पुरेसे.

"मग कडेलाच का, सर?"

सर उत्तर देत नाहीत. एक मुलगा कापलेला तुकडा हातात घेऊन मोल्डिंगच्या जागेवर जातो, पॅटर्न जिथून उचलला ती बाजू शोधतो. मग डब्यातला ब्रश वर काढतो आणि टोकावरून टपटपणारे थेंब मोजायला लागतो.