मॅमिलॅरिया: फूल नेमके कुठून येते?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईतल्या रोपवाटिकांत छोट्या प्लास्टिकच्या कुंड्यांमध्ये बोटाएवढ्या जाडीच्या खोडांचा, पिवळ्या काट्यांनी झाकलेला एक निवडुंग पाहायला मिळतो. त्याचे शास्त्रीय नाव मॅमिलॅरिया इलॉन्गाटा. मूळचा मध्य मेक्सिकोतला. वनस्पतिशास्त्रज्ञ द कॅन्डॉल यांनी १८२८ मध्ये त्याचे वर्णन केले.

काटे दिसले की आपण सरसकट निवडुंग म्हणतो. पण गावाकडे कुंपणाला लावतात तो तिधारी निवडुंग मोडला की त्यातून पांढरा चीक गळतो, कारण तो युफोर्बिया आहे, म्हणजे एरंडाच्या कुळातला. कॅक्टेसी या खऱ्या निवडुंग-कुळाची खूण काट्यात नसून काटे ज्यातून फुटतात त्या लवदार ठिपक्यात, एरिओलमध्ये असते. आणि या कुळाचे जवळचे नातलग कोण म्हणाल, तर बाजारातली घोळाची भाजी आणि गॅलरीतले ऑफिस टाइम!

लिनिअस यांनी १७५३ मध्ये सगळे निवडुंग ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात (जीनसमध्ये), घातले होते. हॉवर्थ यांनी १८१२ मध्ये मॅमिलॅरिया ही प्रजाती वेगळी काढली. हिच्या खोडावर उभ्या धारा नसतात, तर मळसूत्री रांगांत बसलेले उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर काट्यांचे चक्र असते, फूल मात्र तिथे न येता दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून निघते, आणि म्हणूनच फुलांचे कडे शेंड्याच्या थोडे खाली, सभोवार दिसते. जवळच्या कोरिफॅन्था प्रजातीत उंचवट्याच्या वरच्या अंगाला खाच असते. भिंगातून ती सहज दिसते. २०२१ मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या फेरमांडणीत मॅमिलॅरियाच्या कितीतरी जाती कोकेमिया या प्रजातीत गेल्या. संग्राहकांना नव्या चिठ्ठ्या लावण्याचा कंटाळा येतो, पण वंशावळ खरी मांडायची तर हे अपरिहार्यच आहे.

या बारकाव्यांचा घरगुती उपयोगही आहे. विक्रीच्या कुंड्यांतल्या काही निवडुंगांच्या डोक्यावर भडक रंगाचे, कागदासारखे कोरडे फूल असते. ते बहुधा गोंदाने चिकटवलेले असते, आणि हा प्रकार मला मुळीच रुचत नाही. इलॉन्गाटाचे खरे फूल लहान, फिकट पिवळसर असते. तेव्हा मॅमिलॅरियाची कुंडी घेताना फुलाचा बुंधा पाहावा: तो काट्यांवर टेकलेला असेल, तर ते फूल त्या झाडाचे नव्हे.