बर्णबा तार्सला गेला

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात सलाम.

आज हेव्याबद्दल बोलायचं आहे. हेवा म्हणजे काय, हे समजावण्यात वेळ घालवत नाही, ते घरोघरी माहीत आहे. शेजारच्या मुलीला नर्सिंगची नोकरी लागते. उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात तिची आई पेढे वाटते. आपण पेढा घेतो, “देवाची कृपा हो!” म्हणतो, आणि तो तोंडात न टाकता कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवतो. ओठांवर कृपा आणि पोटात दुखणं. विश्वासणाऱ्यांच्याही पोटात दुखतं, म्हणून तर पौलाला करिंथच्या मंडळीला लिहावं लागलं की प्रीती हेवा करीत नाही.

हेवा करू नकोस असं मनाला बजावून हेवा जात नाही. पुन्हा सांगतो, नुसतं बजावून तो जात नाही. मग जातो कशाने? त्यासाठी मला बर्णबाची गोष्ट सांगू द्या. ही माझी फार आवडती गोष्ट आहे, आणि आपल्या संडेस्कूलमध्ये ती पुरेशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

बर्णबा कुप्र बेटावरचा, म्हणजे आजच्या सायप्रसचा, लेवी, मंदिराच्या सेवेचा मान असलेल्या वंशातला. आपलं शेत विकून त्याने पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले. किती पैसे, ते ही हकिकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. आभारप्रदर्शनाच्या उपासनेत आपण देणगीदाराचं नाव आणि आकडा माइकवरून वाचतो, ते बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या बाकावर पन्नास रुपये देणारी विधवा बसलेली असते आणि ती पूर्ण यादी ऐकत असते. असो, बर्णबाकडे येऊ.

यरुशलेमात बातमी आली की अंत्युखियात ग्रीक लोकही प्रभूकडे वळताहेत. अंत्युखिया म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं अंताक्या, २०२३च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं ते. त्या काळी रोम आणि आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल मोठं शहर. यरुशलेमच्या मंडळीने बर्णबाला तिकडे पाठवलं. तिथलं काम दुसऱ्यांनी उभं केलेलं होतं, बर्णबाचा त्यात काडीचा वाटा नव्हता. तो पोचला, आणि शास्त्र सांगतं, देवाची कृपा पाहून त्याला आनंद झाला. दुसऱ्यांनी केलेलं काम पाहून आनंद झाला!

मंडळी वाढत चालली. बर्णबाचा शब्द चालत होता. अशा वेळी माणूस आपली खुर्ची घट्ट करतो. बर्णबा उठला आणि तार्सला गेला, शौलाला शोधायला. शौल म्हणजे पुढचा पौल. त्याने पूर्वी मंडळीचा छळ केला होता, म्हणून यरुशलेमात सगळे शिष्य त्याला भीत होते, तेव्हा त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा. या माणसाची विद्वत्ता, त्याची तडफ बर्णबाला ठाऊक होती. हा आपल्यापुढे जाईल, हे त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. अंत्युखिया ते तार्स, रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. बर्णबा गेला, शोधलं, सापडल्यावर त्याला बरोबर घेऊन आला. वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं, आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथेच मिळालं.

आता नावांचा क्रम नीट ऐका. त्याच पुस्तकाच्या १३व्या अध्यायाच्या सुरुवातीला पाच जणांची यादी आहे. बर्णबा पहिला, शौल शेवटचा. दोघे सेवेला निघतात ते “बर्णबा व शौल” म्हणून. पहिला मुक्काम कुप्र, बर्णबाचं स्वतःचं बेट. आणि त्याच बेटावरून ते पुढे निघतात तेव्हा लूक लिहितो, पौल व त्याचे सोबती. बर्णबा सोबत्यांत गेला. आपल्याच मुलखात मागे पडला.

पुढे पिसिदियातल्या अंत्युखियात, हे दुसरं अंत्युखिया, वचन ऐकायला जवळजवळ सगळं शहर लोटलं. ती गर्दी पाहून सभास्थानातली माणसं हेव्याने भरली, असं लिहिलं आहे. श्रोतेहो, ती गर्दी बर्णबालाही दिसत होती! तो पौलाच्या बरोबरच होता. त्याच्याबद्दल काय लिहिलंय? पौल आणि बर्णबा दोघेही धैर्याने बोलले.

कोणी म्हणेल, बर्णबा मुळातच गरीब गाय असेल. नाही हो! १५व्या अध्यायात तो पौलाशी इतका कडाडून भांडला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कशासाठी? मार्कासाठी. मागच्या प्रवासात अर्ध्या वाटेवरून परतलेल्या त्या पोराला आणखी एक संधी मिळावी म्हणून. स्वतःचं नाव मागे गेलं म्हणून तो भांडल्याचं कुठेही नाही. आणि पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

वेळ थोडाच उरला आहे, म्हणून हेवा जातो कशाने, ते आता थेट सांगतो. ज्याच्यामुळे पोटात दुखतं, त्याच्याच कामाला हात लावायचा. आधी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, “प्रभो, त्याला आणखी दे.” ज्याचं नाव घेताना जीभ अडखळते, नेमकं तेच नाव घ्या. सुरुवातीला प्रार्थना ओठांवरच राहील. राहू द्या, सोडू नका. मग पाय उचला. नाताळच्या उपासनेत एकटीने गायचं गीत दुसरीला मिळालं? तिच्या सरावाला पेटी वाजवायला तुम्ही जा. नारायण वामन टिळकांचं गीत असेल तर पेटीच हवी, कीबोर्डच्या तयार ठेक्यावर त्या चाली मरतात.

आज रात्री घरच्या प्रार्थनेत प्रेषितांची कृत्ये, ११वा अध्याय, १९ ते २६ ही वचनं वाचा. मोठ्याने वाचा, आणि घरातल्या लहानांना वाचायला लावा. सलाम.